रेस सोड

आमच्या सरांना पळणाऱ्या माणसाची भीती वाटायची, आणि त्यांचा धंदा मात्र पोरींना पळायला शिकवायचा. आम्ही शंभर मीटरला सुटलो की ते आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. हातात घड्याळ, डोळे गच्च मिटलेले. शेवटची पोरगी रेषेपार गेली की तिनं ओरडून सांगायचं, "सर, पोचलो सगळ्या!" मग ते वळणार, आधी आम्ही सगळ्या पायांवर उभ्या आहोत का ते बघणार, आणि त्यानंतर त्यांना घड्याळाचं बटण दाबायची आठवण होणार. त्यामुळं आमच्या मैदानावर कुणाचाच वेळ कधी बरोबर निघाला नाही. दुसऱ्या ॲकॅडमीतल्या पोरी आपापला वेळ ऐटीत सांगायच्या, तेव्हा आम्ही म्हणायचो, "आमचे सर वेळ घेत नाहीत, हजेरी घेतात."

मैदान म्हणजे तरी काय, लातुरात रेणापूर नाक्याच्या पुढं कुणीतरी प्लॉट पाडून ठेवलेली काळी जमीन. तिच्यावर फक्कीनं पट्टे मारलेले. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी आमच्याकडं कुठल्याही मोकळ्या जागेवर दिसतात, तशी तिथंही होती. शेजारच्या पट्ट्यावर दुसरे सर असायचे. गळ्यात शिट्टी, अंगात टी-शर्ट आणि तोंडात एकच, "हाण! जीव तोडून हाण!" आमचे सर खाकी पँटवर पांढरा सदरा घालून यायचे. शेजारून "जीव तोडून" असं ऐकू आलं की कानांवर हात ठेवायचे. म्हणायचे, "आरं, असं बोलू नये रे. खरंच तुटतो त्यो."

सर एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मैदान का धरलं ते कुणाला नीट माहीत नव्हतं. पण माणसाच्या अंगाबद्दल ते गाडीच्याच भाषेत बोलायचे. पोट म्हणजे टाकी, छाती म्हणजे इंजान, पहिली चार पावलं म्हणजे पिकअप. ॲक्सिलरेटरला आमच्याकडं रेस म्हणतात. रेस दे म्हणजे पायानं दाब, रेस सोड म्हणजे पाय उचल. सरांच्या लेखी पळणाऱ्या पोरीलासुद्धा रेस होती. आम्ही जरा जोरात गेलो की पाठमोरे उभे राहूनच ते ओरडायचे, "रेस सोड! रेस सोड!" म्हणजे थांबायचं नाही, पळत राहायचं, फक्त जोर कमी करायचा. आम्हाला ते अंगवळणी पडलं होतं. नवखा माणूस मात्र ऐकून हेच समजणार की मास्तर पोरीला शर्यत सोडून बाजूला व्हायला सांगतोय. या एका शब्दापायी माझी वर्दी गेली.

मी लातूरजवळच्या मुरुडची. वडील लातूरच्या मोंढ्यात हमाल, रोज सकाळच्या गाडीनं येऊन पोती उचलणारे. सरांकडं मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा मला वाटलं, पळायला लावतील. त्यांनी मला त्यांच्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सुरू केली आणि बाहेर उभं राहून म्हणाले, "उजवा पाय ठिव. दाब."

मी दाबला.

"अजून दाब."

इंजिन किंचाळायला लागलं. पत्रा थडथडला, आरसा थडथडला, माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. गाडी जागची हलत नव्हती, पण आता ही आपल्याला घेऊन फुटणार असं वाटून मी पाय काढून घेतला.

"का गं, काढलास का पाय?"

"भ्या वाटलं, सर."

"काढ म्हनून कुनी शिकवलं का तुला?"

"न्हाई."

सरांचा चेहरा उजळला. "तेच शिकवायला मला महिना लागतोय. भ्या म्हंजे बिरेक, माय. बिरेक हाय तर गाडी हाय. तुझं काम झालं, आता पळायचं तेवढं ऱ्हायलं."

त्यांचं एक शास्त्र होतं. निम्मं एसटीतलं, निम्मं गुराढोरांचं. माणसाच्या टाकीत पेट्रोल पुष्कळ असतं, पण नळी बारीक असते, असं ते सांगायचे. सगळा जोर एकदम मागितला तर नळी थोडा वेळ देते आणि मग ओढ बसते. पाल भिंतीवर कशी जाते बघा, म्हणायचे. एक झपाटा मारती आन् गप बसती. मांजर तसंच. ससा तसाच. त्यांना ठाऊक असतं, पूर्ण जोर किती वेळ लावायचा. माणसाला ते ठाऊक नसतं, कारण माणसाच्या मागं कुणी ना कुणी हाण म्हणणारा उभा असतो. "पूर्ण जोर देवानं जीव वाचवायला दिलाय. वाघ मागं लागला तर लावायचा. नोकरीसाठी न्हाई दिला."

"पण सर, नोकरी तर पळूनच मिळती ना?" आमच्यातली एखादी विचारायची.

"तेचंच तर मला भ्या वाटतं," सर म्हणायचे.

सगळंच खरं असायचं असं नाही. म्हशीला बैलापेक्षा पिकअप जास्त असतो असं ते छातीठोकपणे सांगत. एकदा सिद्ध करून दाखवतो म्हणाले, आणि ओळखीच्यांची म्हैस आणि एक लाल कंधारी बैल मैदानावर आणून उभे केले. बैल गेला निघून. म्हैस जागची हललीच नाही. आम्ही हसून हसून बेजार. सर म्हणाले, "बघा, तिला गरज वाटली न्हाई. शहाणी हाय."

त्यांच्याकडं एक कारवानी कुत्री होती. लांब तोंडाची, पाठीला बाक, पाय काटक्यांसारखे. ही जात सशामागं पळण्यासाठीच पाळतात. हिचं नाव त्यांनी डिझेल ठेवलं होतं, कारण डिझेलची गाडी उशिरा उठते. हिचा बाप शेतात सशामागं सुटला, ससा धरला, आणून मालकाच्या पायाशी ठेवला आणि तिथंच आडवा झाला, तो उठलाच नाही. हे सरांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हापासून डिझेल दोरीला. तिला जन्मात एकदाही पूर्ण पळू दिलं नव्हतं. आम्ही पट्ट्यावर सुटलो की ती उभी राहायची आणि तिच्या मांड्या थरथरायच्या. दुपारी सावलीला झोपली की झोपेत तिचे चारी पाय पळायचे. मला तिच्याकडं बघून वाईट वाटायचं, आणि कधीकधी वाटायचं, आपणही याच दोरीला बांधलेल्या आहोत.

लोक सरांच्या भीतीला कारण शोधायचे. कुणी म्हणे, त्यांच्या बसखाली माणूस आला होता. कुणी म्हणे, त्यांचा मुलगाच भरतीत पळताना गेला. आम्ही एकदा धीर करून सरांच्या बायकोला, काकूंना, विचारलं. काकू ज्वारी निवडत होत्या. मान वरसुद्धा केली नाही.

"काय झालं न्हाई बायांनो. मुलगा पुण्याला हाय, चांगला लठ्ठ झालाय. बस कदी कुठं घासली न्हाई. मानूसच भित्रा हाय पयल्यापासून. लग्नात घोडं जरा पळालं तर उतरून पायी आला मांडवात."

गाडी चालवतानाही तीच तऱ्हा. डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर. सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही, तरी हात दांड्यावरच. आम्ही चिडवायचो, "सर, दांडा पळून चाललाय का?" ते म्हणायचे, "हाव, पळून चाललाय."

एकदा आम्हा चार-पाच जणींना घेऊन ते रेणापूरच्या रस्त्यानं निघाले होते. जीपमध्ये गप्पा चालू होत्या. अचानक जीपनं उचल खाल्ली. सर असं कधी करत नाहीत म्हणून मी खाली बघितलं, तर त्यांचा उजवा पाय हवेत. पेडलच्या वर उचललेला. आणि गाडी तरी वाढतच चाललेली. रेस अडकली होती. समोर उसाची ट्रॉली. कुणी किंचाळलं नाही, किंचाळायला सुचलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो हवेतला पाय आणि मोठी मोठी होत चाललेली ट्रॉली. मग खाडकन दांडा न्यूट्रलला गेला, इंजिन पहिल्या दिवशी किंचाळलं होतं तसं किंचाळलं, सरांनी चावी फिरवली आणि सगळं बंद पडलं. जीप घरंगळत रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

सर खाली उतरले आणि मातीत बसले. पाणी दिलं तर निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग म्हणाले, "हाताला दांडा शोधायला लागला असता, तर गेलो असतो."

त्यानंतर दांड्यावरून त्यांना कुणी चिडवलं नाही. माझ्यावर तर त्या दिवसाचा फार परिणाम झाला. तोवर सरांची भीती ही मला गंमत वाटायची. आता वाटायला लागलं, या माणसाला काहीतरी आधी दिसतं. ती माझी समजूत बरोबर होती का चूक, ते पुढं कळेल, पण माझ्या डोक्यात ती बसली खरी.

पळून झालं की सर प्रत्येकीचं मनगट दोन बोटांत धरायचे आणि आभाळाकडं बघत उभे राहायचे. मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतो तसे. मग "जा" म्हणायचे. भरती तोंडावर आली होती. माझ्या वयाची ती शेवटचीच भरती. त्या सुमारास एकदा आठशे मीटर पळून आले, सरांनी मनगट धरलं, आणि "जा" म्हणालेच नाहीत. माझ्या मागच्या पोरी येऊन, मनगट दाखवून गेल्या. सर परत माझ्याकडं वळले. परत धरलं.

"मिसिंग हाय," ते हळूच म्हणाले.

चालू गाडीचा एखादा ठोका गाळला जातो, गाडी मधेच हुकते, त्याला मेकॅनिक लोक मिसिंग म्हणतात. मला ते माहीत होतं. तरी विचारलं,

"म्हंजे काय, सर?"

"म्हंजे येक ठोका खातंय मधीच. डाक्टरला दाखव."

मुरुडला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला नळी लावली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, म्हणाले, रक्त कमी आहे, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. मला हायसं वाटलं. सरांना सांगितलं तर त्यांचं समाधान होईना. "डाक्टरनं इंजान उभं असताना बघितलं. मिसिंग चढावर कळतं. पळताना बघाया पायजे."

पळताना कोण बघणार? मी गोळ्या खात राहिले. पण त्या दिवसापासून रात्री अंथरुणावर पडलं की मला माझेच ठोके ऐकू यायला लागले. ऐकत राहायचं आणि पुढचा येतो का याची वाट बघायची. आला की पुढच्याची. घरात कुणाला बोलले नाही. वडिलांना तर नाहीच.

वडिलांचं शास्त्र सरांच्या बरोबर उलट होतं. ते म्हणायचे, "पोतं हळूहळू उचलत न्हाईत बाई. एक हिसका. बसला तर पोतं पाठीवर, न्हाई तर आपून पोत्याखाली." सगळं आयुष्य त्यांनी त्या एका हिसक्यावर काढलं होतं. माझ्या वर्दीसाठी त्यांनी किती हिसके मारले असतील ते त्यांच्या खांद्यावरच्या घट्ट्यांना माहीत. आमच्या वस्तीत निळ्या झेंड्याच्या कट्ट्यावर बसून ते आधीच सांगून मोकळे झाले होते, "यंदा आमची पोरगी पोलिसात."

भरतीचं मैदान नांदेडला होतं. सर जीप घेऊन आले, आणि वडीलही मोंढ्यात खाडा करून आले. दोघांची तशी पहिलीच भेट. वडिलांनी सरांना वाकून नमस्कार केला. सर म्हणाले, "फिकीर करू नका. पोरीला पोचवतो." दोघं तारेच्या कुंपणाबाहेर बाकीच्या आईबापांत जाऊन उभे राहिले.

आठशे मीटर म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. पहिली फेरी मी सरांनी शिकवल्यासारखी काढली, रेस धरून, मोजून-मापून. दुसऱ्या फेरीत पुढच्या पोरी सुटल्या. मग मीही सुटले. लांबच्या वळणावर मी त्यांच्या बरोबरीला आले आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. वर्दी समोर दिसत होती. शेवटचा सरळ पट्टा राहिला होता, आमच्या शंभर मीटरच्या पट्ट्याएवढाच. मी होतं नव्हतं ते सगळं काढलं.

आणि छातीनं एक पायरी गाळली. अंधारात जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. डावा हात लुळा होऊन खाली पडला. कानांत शीळ वाजायला लागली. आणि त्या शिळेतून सरांचा आवाज आला, "रेस सोड! माय, रेस सोड!"

मी कुंपणाकडं बघितलं. सर त्या दिवशी पाठ करून उभे नव्हते. डोळे सताड उघडे, दोन्ही मुठींत तार धरलेली.

माझ्या वडिलांनी सरांची भाषा कधी ऐकली नव्हती. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की हा मास्तर माझ्या लेकीला ऐन शेवटाला शर्यत सोड म्हणतोय. ते ओरडले, "सोडू नको! हाण! पळ बाई, पळ!" आणि त्यांनी सरांची कॉलर धरली. मी पळता पळता बघत होते. वडिलांच्या हमाली पंजात सरांचा पांढरा सदरा गोळा झालेला, मान वाकडी झालेली, आणि तरी तोंड उघडतंय, मिटतंय. "सोड! सोड!" एका कानात बाप हाण म्हणतोय, दुसऱ्यात सर सोड म्हणताहेत, आणि आत छाती पुढचा ठोका देईल का नाही ते सांगत नाहीये. मला मरणाची भीती वाटली. इतकी की तिच्यापुढं वर्दी, बाप, कट्टा, काहीच उरलं नाही.

मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी जीपमध्ये पाय उचलला गेला होता, तसाच उचलला गेला.

एकेक पोरगी माझ्या बाजूनं निघून गेली. मी रेषेपार गेले, चांगली चालत्या पायांवर गेले. श्वास आला, हात आला, शीळ थांबली. निकाल लागला तेव्हा थोडक्यात राहिले होते.

बाहेर आल्यावर वडील सरांना म्हणाले, "तुमी माझ्या लेकीला रेस सोडाया लावली."

सर फाटलेली कॉलर हातानं धरून उभे होते. "अहो, ती रेस न्हाई वो. रेस म्हंजे ही रेस..." आणि ते उजवा पाय हवेत उचलून, खाली दाबून, परत उचलून दाखवायला लागले. गर्दीत एका पायावर उभे. वडील त्या पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वर्दी गेली ना तिची."

सरांनी पाय खाली टेकवला. आम्ही त्यांच्या जीपमधून आलो नाही, एसटीनं आलो. मी परत त्या मैदानावर गेले नाही.

नोकरी गेली त्याचं दुःख वर्षभरात बोथट झालं. भीती मात्र घरी राहायला आली. मला मिसिंग आहे, हे मी धरूनच चालले. बस सुटत असली तरी धावायचं नाही. जिना चढताना मधे थांबायचं. बोलता बोलता बोटं आपोआप मनगटावर जायची. वडिलांना मी शेवटी छातीचं सांगितलं, आणि मग तर कहरच झाला. हाण म्हणणारा माझा बाप मला भरली घागर उचलू देईना. "दमानं बाई, दमानं," हेच दिवसभर. मला बघायला पाहुणे आले की आई-वडील एकमेकांकडं बघायचे, सांगावं का न सांगावं. मग पाहुणे बोलवायचंच बंद झालं. मोठ्या डॉक्टरला दाखवावं असं कधी कुणी म्हटलं नाही. दाखवलं आणि खरंच निघालं तर, ही भीती तिघांनाही होती.

सरांच्या जीपमध्ये स्टिअरिंग धरायला शिकले होते, तेवढ्याच भांडवलावर मी पुढं गाडी शिकले, मोठ्या गाडीचं लायसन काढलं. यंदा लातुरात एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची जागा निघाली. मला घेतलं, पण आधी तब्येतीची तपासणी. डॉक्टर तरुण होते. सहज विचारलं, "पूर्वी कधी काही त्रास?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकदा मिसिंग मारलं होतं."

"काय मारलं होतं?"

सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, "मग पळवूनच बघू." एका खोलीत नेलं, छातीला तारा चिकटवल्या, आणि एका पट्ट्यावर उभं केलं. पट्टा पायांखालून मागं सरकायला लागला. आधी चालले. मग पट्टा वाढला. मग चढ लागला. बाजूच्या पडद्यावर माझे ठोके रेघा मारत पळत होते, आणि मी तिकडं बघायचं नाही असं ठरवून भिंतीकडं बघत होते. पट्टा आणखी वाढला. आता मी पळत होते. इतक्या वर्षांनी. समोरचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

"थांबायचं असेल तर सांगा," डॉक्टर म्हणाले.

कानांत तो आवाज आला, रेस सोड. नांदेडच्या मैदानात आला होता तसाच. मी हो म्हणणार होते. पण एक विचार आला, की आत्ता सोडली तर जन्मभर जिन्यात मधे थांबायचं. मी नुसतीच मान हलवली, नाही. पट्टा वाढला. मी होतं नव्हतं ते सगळं काढलं आणि आता जाते, आता जाते, असं म्हणत पळत राहिले.

गेले नाही. पट्टा हळू झाला, थांबला. डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेघा वर-खाली करून बघितल्या.

"काही नाहीये तुम्हाला. मधेच एखादा ठोका हुकल्यासारखा वाटतो, तो धडधाकट माणसालाही वाटतो. तेव्हाही घाबरण्यासारखं काही असेल असं मला वाटत नाही."

"मग माझा हात पडला होता तो?"

"दमला असाल. घाबरला असाल."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि रडले. आधी आनंदानं. मग हळूहळू राग चढायला लागला. काही नव्हतं. म्हणजे त्या दिवशी पळत राहिले असते तरी काही होणार नव्हतं. वर्दी, वडिलांचा शब्द, भीतीत काढलेली ती सगळी वर्षं, हे सगळं एका भित्र्या माणसाच्या दोन बोटांपायी गेलं. मी तशीच रेणापूरला सरांच्या घरी निघाले. आज त्यांना सोडायचं नाही असं ठरवून निघाले.

दारात काकू भेटल्या, त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. जीप विटांवर उभी होती, चाकं काढून ठेवलेली. तिच्या सावलीला बाजेवर सर बसले होते. फार म्हातारे झाले होते. दोरी खुंटीला अडकवलेली, कुत्री नव्हती.

"डिझेल म्हातारी होऊन गेली," मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. "झोपंत गेली. पाय हालवत हालवत."

मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पट्टा, तारा, चढ, डॉक्टर काय म्हणाले ते. "पळताना बघितलं, सर. तुम्ही म्हणाला होता तसंच. काही नाहीये. तेव्हाही नव्हतं. तुमचं चुकलं होतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ते वाद घालतील, म्हशीच्या वेळेसारखं काहीतरी बोलून निसटतील. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "चुकलो व्हय? चुकलो?" आणि काकूंना हाक मारली, "अगं ये, ऐकलं का? मी चुकलो म्हनं! काय बी न्हाई पोरीला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकी वर्षं हा माणूसही माझे ठोके मोजत बसला होता, हे मला तेव्हा कळलं.

पण माझा राग उतरला नव्हता. मी म्हटलं, "तुम्हाला आनंद झालाय, सर. माझी वर्दी गेली त्याचं काय?"

त्यांचा हात कॉलरपाशी गेला, जिथं वडिलांनी धरलं होतं तिथं.

"गेली. ती माझ्यामुळंच गेली, मी न्हाई म्हनत न्हाई. पर तू इच्यार कर, माय. मी त्या दिशी गप बसलो असतो, आन् माझं खरं निघालं असतं. मग आज हितं भांडाया कोन आलं असतं? तू आली असतीस का? तुझा बाप आला असता. एकटा. मग मी त्याला कोनता पाय उचलून दाखवला असता?"

मी बाजेच्या कडेवर बसले. काकूंनी चहा आणला, आम्ही तिघांनी प्यायला. निघताना सरांनी सवयीनं माझं मनगट धरलं, आभाळाकडं बघितलं, आणि लगेच म्हणाले, "जा."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. रस्त्यात कुणी वर्दीतली बाई दिसली की तो अजून वर येतो. पण बसवर माझा डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर असतो. मागं पोरं दंगा करत असतात. परवा एक पोरगी पुढं येऊन म्हणाली, "मॅडम, दांडा पळून चाललाय का?"

"हाव," मी म्हटलं. "जाऊन बस जागेवर."